सामाईक भिंतीतला स्पीकर

शालिकरामच्या घरचा रेडिओ मोठा झाला की गल्लीतल्या बाया वाळवण आवरून आपापल्या घरात शिरत. त्यांना गाण्याचा कंटाळा होता असं नाही. आधी दाराची कडी लागे, मग आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं जाई, आणि मग शालिकराम कोपऱ्यातला बाभळीचा सोटा उचली. सगळ्यांना अंदाज होता. पण अंदाजावर पंचांपुढे कोण तोंड उघडणार?

तसा शालिकराम मोठा गोड माणूस. वाशीमच्या रस्त्यावरच्या मालेगावाबाहेर त्याचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता आणि बाजारात गिऱ्हाइकाशी बोलताना त्याच्या जिभेवर साखर असायची. हा सगळा गोडवा तो बाजारातच संपवून यायचा, बायकोसाठी शिल्लक काही ठेवायचा नाही.

चौऱ्याहत्तरच्या पोळ्याला त्याने सीताबाईचा हात मोडला. तिचा भाऊ जगदेव धनजहून दोन जाणती माणसं घेऊन आला. घराच्या दुसऱ्या अर्ध्यात शालिकरामचा धाकटा भाऊ नथ्थू राहायचा, मधे एकच मातीची भिंत. जगदेवने त्यालाच विचारलं. नथ्थू म्हणाला, "आमी तं रेडिओच ऐकला, बुवा." त्याची बायको गोजराबाई तांदूळ निवडत होती. तिनेही मान वर केली नाही. "मलेबी गाणेच ऐकू आले," ती म्हणाली.

जगदेव निघताना सीताबाईला म्हणाला, "बाई, इथलं एक माणूस बोललं असतं, तं आत्ताच तुले घेऊन गेलो असतो. मी एकटा काय सांगू पंचाइले?"

एक माणूस. सीताबाईने ते पक्कं मनात धरलं. गोजरा तिची धाकटी जाऊ, विरजण मागायला रोज येणारी. तिला ऐकू आलं असतं तर ती धावून आली असती, याबद्दल सीताबाईला शंका नव्हती. सगळा दोष त्या रेडिओचा. आपली किंकाळी गाण्यात बुडते, असंच ती धरून चालली होती.

आणि त्याच वर्षीच्या थंडीत शालिकरामच्या डोक्यात खूळ शिरलं. अकोल्याला एका अडत्याच्या बंगल्यात त्याने भिंतीत बसवलेले स्पीकर पाहिले. "भिंतच गाते," तो ज्याला त्याला सांगत सुटला. बाजाराच्या दिवशी भाजी विकून झाल्यावर तो यष्टी स्टँडजवळ सेवालालच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिरला. रिकामी टोपली डोक्यावर घेऊन सीताबाई मागे होतीच.

सेवालालने दोन स्पीकर काढून ठेवले. एक ताटलीएवढा, दुसरा परातीएवढा. दोन्ही वाजवून दाखवले. लहान्याचा आवाज मऊ आणि स्वच्छ होता. मोठा लागला तेव्हा टेबलावरचा चहाचा गिलास थरथरला.

"लहाना घ्या," सेवालाल म्हणाला. "कोनाड्यात आरामात बसते. मोठ्याले भिंत फोडा लागन."

सीताबाई दुकानात कधी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "मोठा घ्या."

शालिकरामने वळून पाहिलं. "काहून? तुले काय समजते त्यातलं?"

"मले काय समजते? पण तुमच्यासारख्याच्या घरात लहाना आवाज शोभन का?"

शालिकराम पुरीसारखा फुगला. "अन् बसवाचा कुठं मंग?"

"मधल्या भिंतीत. कोनाडा हायेच तिथं."

ती भिंत तिला तळहातासारखी ठाऊक होती. भाऊ वेगळे झाले की सामाईक भिंतीत दोघंही आपापला कोनाडा कोरतात, दिवा दारातून दिसावा म्हणून दोघंही एकाच जागी. मोठ्या भावाच्या कोनाड्याच्या पाठीला धाकट्याचा कोनाडा, मधे मातीचा पापुद्रा. दोन्हीकडून लिंपणारी सीताबाईच होती. परातीएवढ्या स्पीकरसाठी खोदलं तर भिंत आरपार जाणार, हे तिने दुकानात उभ्या उभ्या ताडलं होतं. तिला गाणं नको होतं. तिला आपल्या ओरडण्यासाठी वाट हवी होती.

तसंच झालं. सेवालालने छिन्नी मारली आणि पलीकडे गोजराचा दिवा दिसू लागला. "हे बुजवून घ्या," तो म्हणाला. शालिकराम बायकोला म्हणाला, "लिंपून टाक." सीताबाईने मुकाट माती कालवली आणि भोकाऐवजी चूल लिंपली. भोकावर स्पीकरची फळी बसली. गोजराने पलीकडून भोक पाहिलं, पण फुकटात गाणी ऐकायला मिळत असताना ती कशाला बोभाटा करते?

मग तो दिवस आला. कारण विचाराल तर वांग्यांवर ओलं फडकं टाकायचं राहिलं. त्याला कारण असलंच काहीतरी लागायचं. भर दुपारी कडी लागली, बटण पिळलं गेलं आणि नवा स्पीकर असा गरजला की भिंतीची माती झडली.

पहिला सोटा पाठीत बसला, दुसरा कानावर. दरवेळी ती कोपऱ्यात अंग चोरून बसायची. या वेळी ती भिंतीकडे धावली. दोन्ही हातांनी तिने फळी धरली आणि सगळं अंग मागे टाकलं. कच्च्या मातीतल्या खुंट्या निसटल्या. स्पीकर धाडकन खाली पडला, तार तुटली आणि गाणं मधेच मेलं.

घर एकदम मुकं झालं. त्या शांततेत पुढचा सोटा तिच्या खांद्यावर पडला. हाडावर लाकूड आदळल्याचा तो आवाज किती मोठा असतो हे तिला पहिल्यांदाच कळलं. तिने भोकाला तोंड लावलं.

"गोजरा, मारून राह्यला वं मले. ऐकू येते ना तुले?"

पलीकडे गोजराचा चेहरा होता, हातभर अंतरावर. दोघींची नजर मिळाली. गोजराचे ओठ हलले. मग चेहरा बाजूला झाला आणि भोकातून एक हात आत आला. हिरव्या बांगड्यांचा. त्या हातात गोधडीचा बोळा होता आणि तो हात भोक बुजवू लागला.

इतकी वर्षं सोटे खाऊन सीताबाई कधी अशी पेटली नव्हती. तिने बोळा फेकला आणि ते मनगट धरलं. ओढलं, कोपरापर्यंत.

"सोड वं बाई, सोड मले," पलीकडून गोजरा रडू लागली.

सीताबाईने पाय भिंतीला रोवले. मागून शालिकरामला बायकोचे पसरलेले हात तेवढे दिसत होते. त्याने त्या हातांवर सोटा हाणला. तो चुकला आणि गोजराच्या मनगटावर बसला. बांगड्या फुटल्या, हाड कडकन वाजलं. गोजरा जी किंचाळली ती अख्ख्या गल्लीने ऐकली. रक्त खाली पडलेल्या स्पीकरच्या कागदावर ठिबकलं. खोटं कशाला बोला, सीताबाईला त्या घडीला दया आली नाही. तिने हात सोडला नाही.

वर्षानुवर्षं फक्त रेडिओ ऐकणाऱ्या नथ्थूला ही किंकाळी मात्र लगेच ऐकू गेली. कुऱ्हाड घेऊनच तो धावला. घावावर घाव घालून त्याने दार फोडलं आणि कुऱ्हाडीचा दांडा थोरल्या भावाच्या टाळूवर घातला. शालिकराम चुलीवर कोसळला, उठला आणि नथ्थूच्या गळ्याला झोंबला. राखेत लोळत दोघांनी एकमेकांची तोंडं फोडली. गल्ली दारात गोळा झाली. सीताबाईचा रक्ताळलेला कान आता सगळ्यांना दिसला.

दुसऱ्या दिवशी जगदेव आला. पंच अंगणात बसले. शालिकराम डोक्याला फडकं बांधून भिंतीला टेकला होता. गोजराचा हात हळदीच्या पट्टीत गळ्यात अडकवला होता.

जगदेव म्हणाला, "गोजराबाई, त्या भोकातून तुमाले काय ऐकू आलं, तेवढं सांगा."

गोजराने सीताबाईकडे पाहिलं आणि तिला हुंदका फुटला.

"भोकाचं काय घेऊन बसले, भाऊ? भोक तं आता पडलं. मी लगन होऊन आली तवापासून सारं ऐकू येते मले. रेडिओ केवढाबी मोठा केला तरी."

पंचांनी माना खाली घातल्या. नथ्थूनेही घातली. सीताबाईला हवं होतं ते एक माणूस मिळालं होतं. ती उठली, गाठोडं घ्यायला आत गेली आणि त्या भिंतीपाशी थांबली. तिने हातांनी तोंड दाबलं आणि ती रडली. मारानं ती कधी तशी रडली नव्हती.