दुसऱ्या बाजूचा ब्रेक

दहावीपर्यंत मी वर्गात हात वर करायलाही घाबरायचे. अकरावीत गेले आणि काय झालं देव जाणे, एकदम तोंडच सुटलं. शाळेच्या वार्षिक समारंभात मराठी सोडून तीन भाषांत सूत्रसंचालन केलं, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीची दिग्दर्शक मीच. नव्या गाडीच्या पूजेचा व्हिडिओही अर्थात मीच काढत होते.

"सरोजाआत्या, जरा मध्ये ये ना! आरतीचं ताट दिसत नाहीये."

"एवढं पुरे की गं, भव्या."

"अजून थोडं. हां, तिथंच. आता हस!"

ती बरोब्बर गाडीच्या पुढ्यात उभी राहिली.

चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती. इकडे तमिळ मुलखात, अंबत्तूरच्या आमच्या गणपतीच्या देवळापुढून दर रविवारी दोन-तीन गाड्या तरी अशी लिंबं चिरडून निघतात. गुरुजींनी खूण केली. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी सोडली. ती हळूच सरकली, लिंबं फुटली, आम्ही टाळ्या वाजवल्या. आता फक्त थांबायचं होतं.

गाडी थांबली नाही. गरजली, आणि आत्याला घेऊन समोरच्या कठड्यावर गेली.

व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे. शेवटचे चार मी पुन्हा पाहिलेले नाहीत.

आत्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. आजी लवकर गेली, अप्पांना या आत्यानंच वाढवलं. अप्पा दोन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते, तोच कुंकू लागलेला शर्ट घालून. कुणी काही विचारलं की एकच म्हणायचे, "मी ब्रेकच दाबला."

मंगळवारी सकाळी वेंकोबा मास्तर सफरचंदं घेऊन आले. यांच्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अप्पा शिकले. आमच्या भागात चार स्कूल आहेत, पण वेंकोबा मास्तर आपले, तंजावरचे, मराठी बोलणारे. "पन्नाशीत शिकायचं म्हणजे आपलाच माणूस बरा," अप्पा म्हणाले होते. "तमिळमधून शिव्या खायला नकोत."

मास्तरांनी खरंच एक शिवी दिली नाही. दहा दिवस पहाटे सहाला मी हौसेनं मागच्या सीटवर बसायचे, म्हणून मला सगळं माहीत होतं. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. समोर म्हैस आली, सिग्नल आला, की मास्तर गप्पा मारता मारता आपला पाय दाबायचे. गाडी थांबायची. मास्तर म्हणायचे, "भले, रंगाराव! हात बसला तुमचा!" अप्पा खूश. मला भारी गंमत वाटायची. टेस्टलाही तीच गाडी, आणि शेजारी तेच मास्तर.

त्यात नवी गाडी ऑटोमॅटिक. क्लचच नाही. शोरूमवाला म्हणाला, लहान पोरगंही चालवेल.

मास्तर अप्पांच्या कानाशी वाकले. "रंगाराव, पोलीस आले की ब्रेक फेल म्हणा. नवीन गाडी, काहीही होऊ शकतं. तुम्ही सुटाल, मीही सुटेन."

"मास्तर," मी म्हटलं, "तुम्ही त्यांना एकदा तरी ब्रेक लावू दिला होता?"

"अगं कण्णा, बाळा, मोठ्या माणसावर ओरडायचं कसं? त्यांना वाईट वाटलं असतं."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. "हो जयंतीमामी, शुक्रवारी टेस्ट. अय्यो, घाबरता कशाला? मी शेजारी आहे ना!"

जयंतीमामी आमच्या समोरच्या घरात राहतात. त्यांच्या फाटकापुढं गल्लीतली पोरं क्रिकेट खेळतात.

मी आत वॉर्डात पळाले. वाटलं, आत्या म्हणेल खरं सांग. ती छताकडं बघत म्हणाली, "ब्रेक फेल म्हण गं. माझा पाय काय परत उगवणार आहे? रंगाची सरकारी नोकरी तरी राहील."

"आणि जयंतीमामी?"

"तिचं तिचा नवरा बघेल."

"तुला तिथं मीच उभं केलं ना, आत्या."

आत्यानं डोळे मिटले.

दुपारी सब-इन्स्पेक्टर नंदिता मॅडम वही घेऊन आल्या. "सर, नक्की काय झालं? ब्रेक लागला नाही?"

अप्पांचं तोंड उघडलं. मास्तर खिडकीपाशी उभे होते. शब्द बाहेर येण्याआधी मी म्हटलं, "मॅडम, ब्रेक दाबलाच नाही. त्यांना दाबता येत नाही. कधी शिकवलंच नाही त्यांना." मग थांबलेच नाही. पहाटे सहापासून टेस्टपर्यंत सगळं सांगितलं. समारंभात माईकवर बोलायचे तसा खणखणीत आवाज. कॉरिडॉरमधले लोक वळून बघायला लागले, आणि मला माझाच आवाज नकोसा झाला.

"मुलगी म्हणते ते खरं?" मॅडमनी विचारलं.

अप्पांनी आपल्या चपलांकडं पाहिलं. मग म्हणाले, "खरं असेल. मला आठवत नाही मी काय दाबलं."

त्याच दिवशी त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. बुधवारी ऑफिसातून निलंबनाचं पत्र आलं. मास्तरांचं काय? "चौकशी करू," मॅडम म्हणाल्या. मास्तरांची पिवळी शिकवायची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आमच्या गल्लीत हजर होती.

अप्पा माझ्याशी बोलेनात. मी ताट वाढलं तर जेवायचे, एवढंच.

गुरुवारी संध्याकाळी म्हणाले, "चप्पल घाल."

रस्ता ओलांडून आम्ही जयंतीमामींच्या फाटकाशी गेलो. मामी धावत बाहेर आल्या. "सरोजा कशी आहे? अय्यो, मेला ब्रेक असा कसा फेल..."

"फेल झाला नाही, मामी. मला लावता येत नव्हता."

मामी हसल्या, घाबरल्यावर हसतात तशा. "मला येतो हं. मास्तर म्हणतात, माझा पाय फार हलका आहे."

"गाडीत बसा जरा. इंजिन बंदच राहू दे."

मामी नवऱ्याच्या गाडीत बसल्या. शेजारची सीट रिकामी. अप्पा खिडकीशी वाकले.

"समोर पोर आलंय, मामी. थांबवा."

मामींनी स्टिअरिंग घट्ट धरलं. एकदा रिकाम्या सीटकडं पाहिलं. मग मान खाली घालून, अंधारात, त्या पायानं ब्रेक शोधायला लागल्या.