तीन पावलं

नर्सने पुंजाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, वाटीएवढी चकती चिकटवली आणि त्याला टेबलावर उताणं निजवलं.

"आता हलायचं नाही, बाबा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "मांडीतून एक बारीक तार हृदयात जाईल. तिचं टोक आत जागोजागी टेकवून आम्ही नकाशा काढणार. पाठीवरची चकती ही आमची खूण. सगळं माप तिच्यावरून. ती हलली, की माप चुकलं."

पुंजाने मान डोलावली. बाई समजल्या, म्हातारा घाबरलाय, आणि त्यांनी त्याचा हात थोपटला. पण जामसरच्या पुंजाने तीस वर्षं जमीन मोजणाऱ्या साहेबांमागे साखळी ओढली होती. मूळ धोंडा पक्का पाहिजे हे त्याला मुंबईत येऊन शिकायचं नव्हतं. उलट एवढ्या मोठ्या इस्पितळात आपल्याच धंद्यातली माणसं भेटली म्हणून त्याला जरा बरं वाटलं.

सुईतून औषध गेलं आणि टेबल हलकेच तरंगायला लागलं. झोप नव्हती, जागही नव्हती. डाव्या हाताच्या पडद्यावर अंधारात एक ठिपका उमटला, मग दुसरा, मग दहा. ठिपके जुळून एक उतरण झाली, उतरणीला कड आली. तिच्यावर तांबडा रंग पसरला, त्याला लागून पिवळा, लांब कडेला जांभळा. छातीत ते नेहमीचं घोडं उधळलेलंच होतं. तांबडं असेल तिथूनच ते उधळतं, असं बाई कुणाला तरी सांगत होत्या.

पुंजा त्या रंगांमधून चालू लागला. हातात साखळी होती. पिवळ्या पट्ट्यात नागली कापून नेलेली होती, जांभळ्यात पाणी साचलं होतं. चढ ओळखीचा होता. खोडाळ्याच्या बाहेरचा. वर मोहाचं झाड होतं आणि झाडाखाली गोमा आणि त्याची बायको सखी हात बांधून उभी होती.

अकरा वर्षांपूर्वीही ती दोघं अशीच उभी होती. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्या त्या घराला सरकारने पहिल्यांदा दीड एकर दिलं होतं, आणि त्याचीच मोजणी चालली होती. कुणाचा तरी बैल आडवा आला. दाव्यात अडकून मूळ खुंटी उपटली गेली. साहेबांना चारची जव्हारची एसटी गाठायची होती. त्यांनी अंदाजाने खुंटी पुन्हा ठोकली. तीन पावलं आत. पुंजाने पाहिलं. तोंड उघडलंसुद्धा.

"धर रे साखळी," साहेब म्हणाले. पुंजाने साखळी धरली.

सगळी हद्द तीन पावलं सरकली आणि मोह शेजाऱ्याकडे गेला. त्यानंतरच्या वर्षी खोडाळ्याच्या रस्त्यावर पुंजाची छाती पहिल्यांदा उधळली. मग पुन्हा पुन्हा. गोळ्या झाल्या, भगत झाला. पुंजाने कुणाला सांगितलं नाही, पण दुखणं कुठून आलं हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. आता डॉक्टर ती जागा शोधून जाळणार होते, आणि जळेल तर सगळंच जळेल, अशी त्याची भाबडी आशा होती.

"चादर गोळा झालीय," कुणीतरी म्हणालं. नर्सने पुंजाखालची चादर ओढून सारखी केली.

पाठीला ओढ बसली. खोलीतल्या एवढ्या गारठ्यातही त्याला घाम फुटला होता. चकती घामावरून घसरली, आणि ती होती तिथल्या उघड्या कातडीला गार चादर लागली.

"सापडली जागा," मॅडम म्हणाल्या. "इथंच. जपून घ्या, अगदी शेजारी हृदयाची मूळ वाट आहे."

ती मूळ वाट पुंजाला ठाऊक होती. कागदावर सही करण्याआधी त्याच्या मुलीने, उज्ज्वलाने, दोनदा विचारून घेतलं होतं. त्या वाटेला चटका बसला तर ठोके तुटतील, मग जन्मभर छातीत यंत्र घालावं लागेल.

तोंड उघडावं तर जीभ जड झालेली. शिवाय हलायचं नाही म्हणाल्या होत्या. एवढी शिकलेली माणसं, एवढं यंत्र. आपण कोण, साखळीवाला. त्यांना दिसलंच असेल. पुंजा तांबड्या उतरणीवर उभा होता आणि साहेब खुंटी ठोकत होते. सखी मात्र साहेबांकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

"मॅडम," पुंजा म्हणाला. "खुंटी सरकली."

"काय, बाबा?"

"पाठीची खूण. सरकली ती. आता माप धरू नका."

 मग नर्सने त्याच्या पाठीखाली हात घालून चाचपलं.

"तीन बोटं खाली आलीय, मॅडम."

बाईंनी पायाखालच्या, चटका द्यायच्या बटणावरून पाऊल काढून घेतलं. दीड तासाचे ठिपके पुसले गेले. नवी चकती लागली आणि अंधारात पहिला ठिपका पुन्हा उमटला. या वेळी तांबडं वेगळ्या ठिकाणी आलं. छातीत कढत काहीतरी टोचलं आणि घोडं उभं राहिलं. पुंजाला ती शांतता इतकी अनोळखी वाटली की तो रडला.

चैत्रात तो एकटाच खोडाळ्याला गेला. उज्ज्वला नको म्हणत होती. त्याला फक्त बघायचं होतं. मोहाखाली आला, मनगटावर बोट ठेवलं. ठोके सरळ चालले होते, एकामागे एक, चुकत नव्हते. छाती गप्प होती. पण मोह शेजाऱ्याच्या कुंपणाच्या आत तसाच होता, आणि पुंजाचा जीव तसाच जळत होता. म्हणजे छातीचं ते दुखणं या मोहापायी आलेलं नव्हतंच. त्याला एकदम फार एकटं वाटलं.

झाडाखाली सखी फुलं वेचत होती. शेजाऱ्याकडे अर्धेलीने वेचायची, अर्धी त्याची, अर्धी तिची. गोमा भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेला.

"सखीबाय," पुंजा म्हणाला, "हा मोह तुमचा हाय. खुंटी सरकली होती. मी बघितला होता, नाय बोललो."

सखी वेचत राहिली. फुलं टोपलीत पडत होती. मग तिने विचारलं,

"किती?"

"तीन पावलं."

ती उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. मोहापासून उताराकडे चालत गेली, एका जागी थांबली आणि पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढली.

"इथं."

पुंजाने खाली बघितलं. मूळ खुंटीच्या जागेपासून बोटभरही फरक नव्हता.

"तुला ठाव होता?"

"मना ठाव असून काय? माझा कोण ऐकतो?" सखी म्हणाली. "हे मना काय सांगतोस, दादा? जव्हारच्या मोजणीवाल्या साहेबाला सांग."

सांगून झालं की घरी जायचं, एवढंच पुंजाने ठरवलं होतं.  सखीने भरलेली टोपली फांदीला टांगली, पदर झटकला आणि रस्त्याकडे निघाली. थोडं पुढे जाऊन वळली.

"चल. दहाची जव्हारची एसटी येल."

पुंजा निघाला. चढावर त्याचा ऊर धपापला, ठोके वाढले. त्याने मनगटाकडे बोट नेलं, मग हात खाली सोडला आणि तिच्या मागोमाग पावलं उचलली.