शंभरातले तीस

"शंभरातले तीस? नुसतं दुकानात ठेवायचे?" ताईने चष्मा कपाळावर चढवला.

"ॲप-स्टोअरचा दरच आहे तो," धाकटी बहीण म्हणाली.

ताई इस्पितळात वाचा-उपचार करायची. मेंदूच्या झटक्याने बोलणं गेलेल्या माणसांसाठी तिने चित्रं काढली होती आणि धाकटीने त्यांचं ॲप केलं होतं. चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलायचा. पण किंमत ऐकून नातेवाईक "बघतो" म्हणायचे आणि फिरकायचे नाहीत. किंमत उतरवली, तर तीस गेल्यावर दोघींच्या हाती काय उरणार?

"आपण स्वतःच विकलं तर?"

"सर्व्हरचं भाडं, पैसे स्वीकारणाऱ्या बँकेचा वाटा... शंभरातले चार-पाच."

"मग बाकीचे कशाचे?"

"दाराचे. सगळे त्याच दारातून येतात, ताई. बाहेर बसलो तर कुत्रंही विचारणार नाही."

तरी ताई हटली नाही. ॲप स्टोअरमधून काढलं, किंमत उतरवली, स्वतःच्या वेबसाइटवर ठेवलं. महिनाभर कुणी फिरकलं नाही. धाकटी नोकरी शोधू लागली.

मग ताईच बाहेर पडली. या इस्पितळातून त्या इस्पितळात. ॲप घेताना 'अनोळखी ठिकाणाहून येतंय' असा इशारा फोनवर आला की लोक घाबरायचे, ती शेजारी बसून म्हणायची, "अनोळखी कसली? मी समोर बसलेय की!" बोलून बोलून तिचाच घसा बसला.

एके दिवशी धाकटी खरेदीची यादी घेऊन ओरडत आली, "ताई, या गावात तू गेली होतीस?"

"नाही गं."

"मग तिथून नऊ जणांनी कसं घेतलं?"

एकाने दुसऱ्याला सांगितलं होतं. वर्ष सरता सरता स्टोअरमध्ये कधीच नव्हते एवढे लोक झाले. धाकटीने नोकरीचा विचार सोडला आणि नव्या चित्रांचा तगादा लावला.

परवा ताई एका वॉर्डात गेली, तर खाटेवरचे आजोबा फोनवर बोट फिरवत होते. चार महिने त्यांच्या तोंडून शब्द नव्हता. बोट थांबलं. फोन म्हणाला, "टीव्ही बंद कर."

शेजारी बसलेल्या आजी ताडकन उठल्या, टीव्ही बंद केला आणि पदराने डोळे पुसले.

"अहो, अजून रागवा ना!"

ताई दारातच थांबली. आत आजोबा पुढचं चित्र शोधत होते.