आंबूस वास

पत्र्याचं ते गोल बूच, कडेला बारीक दाते, आतून कॉर्कची पातळ चकती... कांतानं ते मुठीत इतकं दाबून धरलं होतं की तळव्यावर दात्यांचं कडं उमटलं. बाटल्या भरणाऱ्या यंत्राजवळून ते कधी उचललं, तिला आठवेना. संपत सर मोठ्यानं समजावून सांगत होते. त्यांचा साडू या बिअरच्या कारखान्यात केमिस्ट, म्हणून तीर्थपुरीच्या शाळेतल्या शिक्षकांची सहल इथं आली होती, गोदावरीकाठच्या या भोयांच्या गावात. जव भिजवायचे, मटकीसारखे मोड आणायचे, मग भाजायचे, मग उकळायचे – आणि मुख्याध्यापक अप्पाराव प्रत्येक वाक्याला अशी मान हलवत होते, जसा काही त्यांनाच उद्या कारखाना काढायचा होता.

आईला तिनं पैठणचं धरण बघायला जातोय म्हणून सांगितलं होतं. का सांगितलं? आई काही मारणार नव्हती. पण या गावाचं नाव घरात निघत नसे. त्या भोयांच्या गावाला गेला की तो माणूस राहत नव्हता – आई एवढंच म्हणायची. ‘तो’ म्हणजे तातेराव, कांताचा बाप. आईनं नवरा म्हणून त्याचा उल्लेख केलेला तिनं कधी ऐकला नव्हता. कांता लहान असतानाच तो पोट फुगून मेला. पुढं काही वर्षांनी बौद्ध दीक्षा झाली, तेव्हा आईनं, गिरिजाबाईनं, पाचही शीलं घेतली, पण पाचवं असं घेतलं की बाकीची चार त्याच्यासोबत आल्यासारखी वाटावीत. घरात दारूचा थेंब नाही, दारूचा शब्द नाही. त्या बळावर तिनं दुसऱ्यांच्या रानात खुरपून मुलीला शिकवलं, मास्तरीण केलं. कांताला बाप आठवायचा तो आईच्या मनगटावरून. ते वाकडं जुळलेलं होतं.

केमिस्टनं आतल्या खोलीचं जाड दार ओढलं. गारवा आला, आणि गारव्याबरोबर वास – गोडसर, आंबूस, ओल्या पोत्यासारखा, पावाच्या भट्टीसारखा... नाही, कशासारखाच नाही. मोठमोठ्या पिंपांवर फेस चढला होता आणि संपत सर सांगत होते की हा फेस जिवंत आहे. कांता उंबऱ्यातच थांबली. तिला एकाएकी फार बरं वाटलं.

हे असं बरं वाटणं तिच्या ओळखीचं नव्हतं. पहिला पगार आईच्या हातावर ठेवतानासुद्धा असं वाटलं नव्हतं. आपण उंचावर आहोत, खाली रस्ता हलतोय, दोन्ही गुडघ्यांच्या मधे कुणाची तरी मान, हातात कुणाचे तरी राठ केस... आणि मग ओली वाळू, अंगावर काहीतरी मऊ, जाड, त्याला हाच वास. मी इथं झोपलेय. कधी? कुणाजवळ?

“कांताबाई, चक्कर आली का?” उषाबाईंनी दंड धरला. उषाबाई भूगोल शिकवायच्या आणि कुणालाही काहीही झालं की त्यांना ते चक्करच वाटायचं.

शेवटी सगळ्यांना एका लांब टेबलापाशी बसवलं. पुरुषांपुढं बिअरचे पेले आले, दोघी बायांसाठी लिंबाचं सरबत. संपत सर सरबताचा पेला पुढं सरकवत अगदी अदबीनं म्हणाले, “तुमच्यात तर बिलकुल चालत न्हाई ना हे? शील असतंय म्हणं.”

यात वाईट काहीच नव्हतं. तिच्या लहानपणी याच लोकांचे वडील म्हणायचे की तुमच्यात तर पितातच. आता तुमच्यात चालत नाही... दोन्ही वेळी तिला काय हवंय ते विचारायचं राहूनच गेलं होतं. पण ती चिडून पेला उचलत होती असंही नाही. तिला तो वास हवा होता. उषाबाईंच्या पलीकडचा, कुणी न घेतलेला पेला तिनं ओढला आणि एक घोट घेतला. अप्पारावांनी खिडकीबाहेर पाहिलं. कडू लागलं, थंड, आणि त्यात तिला हवं होतं ते काहीच नव्हतं. पेला खाली ठेवताना तिला आई आठवली. एवढ्या वर्षांचं शील एका घोटात मोडलं, तेही जे मिळालंच नाही त्याच्यासाठी.

दुपारी सगळे घाटावर मासे खायला उतरले. चतुराबाई नावाची एक म्हातारी भोईण चुलीवर मासे तळत होती. बाकीचे पानं घेऊन झाडाखाली गेले. कांता तिथंच बसली आणि विचारू नये असं वाटत असतानाच तिनं विचारलं, की कारखाना व्हायच्या आधी इथं काय होतं.

“शिंदीखाना व्हता,” चतुराबाई म्हणाली. “निजामाच्या टायमाचा. आंबल्याली शिंदी मिळायची. लांबलांबून येत माणसं.”

“तातेराव म्हणून कुणी यायचा? लहान पोरगी घेऊन?”

म्हातारीनं मासा उलटला. तिनं कांताकडं पाहिलं नाही, तेलाकडंच पाहत राहिली. “खांद्यावर बसवून आणायचा पोरीला. आदी तिला वाळूत निजवायचा, आपलं धोतर टाकायचा आंगावर. मंग प्यायचा. लई जीव त्या पोरीवर.”

म्हणजे ते खरं होतं. तिला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि म्हातारीनं आता इथंच थांबावं असं वाटत होतं.

“आन् रडायचा,” चतुराबाई म्हणाली. “आज पुन्हा हात उचलला म्हणायचा बायकूवर. पोरगी भेदरली म्हणून उचलून आणली म्हणायचा. असंच यायचा दरवेळी.”

कांता उठली. मासे घ्यायचे राहिले असं म्हातारी मागून म्हणाली, तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं.

परतीच्या गाडीत गाणी सुरू झाली. उषाबाई खिडकीला डोकं टेकून झोपल्या. कांता हिशेब लावू पाहत होती आणि तो लागत नव्हता. तो खांदा, तो उंचावरून हलणारा रस्ता – म्हणजे त्या वेळी मागं घरात आई पडलेली होती, मनगट धरून. मला ज्या दिवशी सगळ्यात बरं वाटलं, तो आईचा तसला दिवस होता. मग ते बरं वाटणं चोरीचं का? मी लहान होते. लहान होते, पण वास आजही आवडला ना... आई खोटं बोलली असती तर किती सोपं झालं असतं, तिच्यावर रागावता आलं असतं. पण आई खरंच बोलत होती. आणि त्यानं धोतर टाकलं, तेही खरंच.

आई दारात उभी असेल. धरण कसं होतं, विचारेल. पाणी किती होतं, विचारेल. कांतानं मनातल्या मनात पाणी रचायला घेतलं, दरवाजे, भिंत, लांबवर पसरलेलं निळं... आणि मधेच, आईला उत्तर देता देता, तिनं ‘तो’च्या जागी पहिल्यांदाच ‘बा’ म्हटलं. कुणी ऐकलं नाही. तिनं घाईनं तो शब्द मागं घ्यायचा प्रयत्न केला. तो जाईना, आणि आईचं मनगटही डोळ्यांपुढून हलेना. दोन्ही घेऊन घराच्या दारातून आत कसं शिरायचं, हे काही तिला कळेना.