जॅग्वार भारी की मिनी

दोघा भावांचं घरादारावरून कधी वाजलं नाही. वाजायचं ते गाड्यांवरून. थोरला दातांचा डॉक्टर, त्याच्याकडे लांब नाकाची जुनी जॅग्वार ई-टाइप. धाकट्याचं गॅरेज, आणि जिवापाड जपलेली मिनी कूपर. दोन्ही विलायती, दोन्ही म्हाताऱ्या.

"तुझी ती काडेपेटी सरळ रस्त्यावर धापा टाकते," थोरला म्हणायचा.

"आणि तुझी महाराणी वळणावर पदर सावरत बसते," धाकटा म्हणायचा.

शेवटी एका रविवारी सोक्षमोक्ष लावायचं ठरलं. रस्ता डोंगराचा, आधी सरळ, मग वळणंच वळणं. तुलना बरोबरीची व्हावी म्हणून दोन्ही गाड्या थोरल्याने चालवायच्या, धाकट्याने शेजारी बसायचं.

थोरल्याने मात्र एक गोष्ट लपवली होती. साखरेच्या आजाराने त्याचा उजवा पाय बधिर होत चालला होता. दात कोरायच्या ड्रिलचं पेडल पायाखाली आहे की नाही, हे वाकून बघायची पाळी आली, तेव्हा त्याने दवाखाना बंद केला. लोकांना सांगितलं, कंटाळा आला. बायकोलाही तेच सांगितलं.

सरळ रस्त्यावर जॅग्वारने असा काही जोर धरला, की धाकटा सीटला चिकटला. "मानलं दादा, पळते!" थोरला खूश झाला. मग पहिलं वळण आलं. नाक जड, म्हणून वेग आधीच कमी करायचा आणि गाडी अलगद आत घ्यायची, हे त्याला तोंडपाठ होतं. त्याने ब्रेक दाबला. म्हणजे त्याला तसं वाटलं. इंजिन गरजलं आणि दरीचा कठडा अंगावर आला.

"दादा, पाय!"

थोरल्याने खाली पाहिलं, पाय उचलून ब्रेकवर टाकला. गाडी खडीत फरफटत कठड्याला खेटून थांबली.

"खडी होती रे," तो म्हणाला.

"हो, खडीच होती," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तरी थोरल्याने हट्टाने मिनीही चालवली. ती बिचारी नुसता इशारा केला की वळत होती, रस्त्याला घट्ट धरून. पण दर वळणाआधी तो पायाकडे बघत होता, आणि धाकटा त्याच्याकडे.

घरी पोचल्यावर वहिनीने विचारलं, "मग? कोण जिंकलं?"

"जॅग्वार," धाकटा म्हणाला. "वळणावरसुद्धा."

इतक्या वर्षांत ज्याने तसूभर माघार घेतली नव्हती, त्याने सगळंच देऊन टाकलं. हे ऐकायला थोरला आयुष्यभर आसुसला होता, आणि आता कानात कुणी शिसं ओतावं तसं झालं.

धाकटा गेल्यावर त्याने बायकोला पायाचं सांगितलं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "जिना उतरताना प्रत्येक पायरी बघून उतरता. म्हटलं, स्वतः सांगतील तेव्हा सांगतील."

त्याने जॅग्वारची किल्ली तिच्या हातात दिली.

त्यानंतर धाकटा रविवारी येई, जॅग्वार काढी आणि दादाला शेजारी बसवून फिरवून आणी. डोंगराकडे मात्र चुकूनही नेत नसे. जाताना-येताना तो गाडीचं तोंडभर कौतुक करी. थोरला बाहेर बघत "हूं" म्हणे.