अंदाज लिहिणारी पेन्सिल

मित्रांनो, माझं वय विचारू नका. माझी उंची बघा आणि काय तो अंदाज करा. करंगळीएवढी उरले आहे. मी एक पेन्सिल आहे. एके काळी अंगभर हिरवा रंग होता, आता तो दोनच बाजूंना शिल्लक आहे. पाठीवर सोनेरी अक्षरांत माझं नाव छापलं होतं, तेही ब्लेडने तासता तासता गेलं, त्यामुळे मलाही ते धड सांगता येत नाही. पण त्याचं मला वाईट वाटत नाही. माझा सगळा जन्म अशा माणसांत गेला, ज्यांना स्वतःबद्दलचं बरंचसं ठाऊक नव्हतं.

माझ्या पोटातलं शिसं जमिनीखाली किती काळ झोपलं होतं कोणास ठाऊक. लाकूड कुठल्याशा डोंगरावर वाऱ्यात डुलत होतं. दोघांची गाठ कारखान्यात पडली. आम्ही बारा बहिणी एका खोक्यातून बाहेर आलो. अकरा जणी शाळेत गेल्या आणि वर्षभरात संपल्या. मी फॉर्मकाकांकडे आले म्हणून इतकी टिकले.

फॉर्मकाका परदेशी जाणाऱ्यांचे फॉर्म भरून देत. झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्यांची एक खोली होती. काचेचं टेबल, काचेखाली पासपोर्ट फोटोंचे नमुने, आणि समोर एक बाक. बाकावर चार माणसं बसत आणि पाचवं अर्धं. काकांचा एक नियम होता. माणसाने उत्तर दिलं की ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "नक्की की अंदाजे?" नक्की असेल तर शाईचं पेन. अंदाजे असेल तर मी. मी लिहिलेलं घेऊन माणूस घरी जाई, म्हाताऱ्यांना विचारी, जुनी ट्रंक उपसून काढी आणि परत येई. मग काका त्यावर शाई फिरवत आणि खोडरबर मला पुसून टाकी.

काय काय लिहिलंय म्हणून सांगू! एका आचाऱ्याचा जन्म बसमध्ये झाला होता, जन्मगाव काय लिहायचं? एकाच्या वडिलांना घरात एक नाव, दप्तरी दुसरं आणि मित्रांत तिसरं. एका जोडप्याचं लग्नाच्या तारखेवरून टेबलापाशीच जुंपलं. नवरा म्हणाला, कडाक्याची थंडी होती. बायको म्हणाली, "थंडी? घामाने माझी पावडर वाहून गेली होती!" काका हसत मला टोक काढत आणि म्हणत, "ही आहे म्हणून मला रात्री झोप लागते."

मित्रांनो, तो माझा सोन्याचा काळ. मी लिहिलेलं एकही अक्षर कुठल्या फायलीत राहिलं नाही, पण ती सगळी अक्षरं माझ्या स्वप्नात येतात. कधीच नसलेले वाढदिवस येतात, थंडीतलं लग्न येतं आणि घामातलंही येतं. तिथे कोणी कोणाला खोटं पाडत नाही.

मग कॉम्प्युटर आला. फॉर्म पडद्यावर गेला. काकांनी मला खणात ठेवलं. तिथे रबरबँड होते, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या होत्या, आणि मी. मी झोपत असे, जागी होत असे, पुन्हा झोपत असे. खणाच्या फटीतून काकांचा आवाज येई, पण "नक्की की अंदाजे?" हा प्रश्न हळूहळू यायचा बंद झाला. पडद्यावरच्या चौकटीपुढे लाल चांदणी असे. ती चौकट रिकामी सोडली तर फॉर्म पुढेच सरकत नसे. काका पुटपुटत, "टाकतो काहीतरी." मला फार वाईट वाटे.

आणि एक दिवस खण धाडकन उघडला.

समोर काज करणाऱ्या बाई बसल्या होत्या. शिंप्याच्या दुकानात हाताने काज करून त्यांचे केस पिकले होते. त्यांची एकुलती एक बहीण परदेशात होती, एकटीच. तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. घरी सोबतीला जवळचं माणूस असल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते, आणि जवळचं माणूस म्हणजे या बाईच. शस्त्रक्रियेला पाच आठवडे उरले होते आणि व्हिसाचा अर्ज नामंजूर होऊन आला होता.

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. चूक त्यांचीच होती. बाईंना जन्मतारीख माहीत नव्हती. वर्षापूर्वी पासपोर्ट काढताना त्या लाल चांदणीपुढे काकांनी दामटून एक जानेवारी टाकली होती. बहिणीच्या पासपोर्टावर होती आदल्या वर्षातली एक जून, तीही कुठल्याशा मास्तरांनी ठोकून दिलेली. व्हिसाच्या फॉर्मवर 'सख्ख्या बहिणी' असं लिहिलं होतं. एक तारीख एका पडद्यावर, दुसरी दुसऱ्या. काकांच्या लक्षातच आलं नाही. व्हिसा देणाऱ्या साहेबांच्या मात्र आलं. पत्रात लिहिलं होतं, एका आईच्या दोन मुलींत सात महिन्यांचं अंतर असू शकत नाही, नात्याबद्दल शंका आहे. आणखी एकदा चुकीची माहिती दिली तर पुढची दहा वर्षं दार बंद.

"बाई, एक वाट आहे," काका खालच्या आवाजात म्हणाले. "सावत्र लिहू. वडील एक, आया दोन. मग सात महिने चालतात."

"म्हणजे माझ्या गरीब बापाला मेल्यावर बोहल्यावर चढवता होय?" बाई ताडकन उठल्या. "आयुष्यभर त्याला एक बायको झेपली नाही!"

काकांना हसू फुटलं आणि त्यांचे डोळेही भरले. त्यांनी पडदा बंद केला, एक कोरा कागद घेतला आणि मला उचललं. किती दिवसांनी त्यांच्या बोटांची ऊब लागली! त्यांनी हळूच टोक काढलं.

"पहिल्यापासून सांगा. जन्म?"

"अंदाजे."

"अंदाजे कधी?"

"नदीवरचा पूल वाहून गेला तेव्हा मी नुकती चालायला लागले होते."

"आणि बहीण?"

"तीही नुकती चालायला लागली होती."

काका चष्म्यावरून बघत राहिले. मग बाईंनी जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मी भराभर लिहीत गेले. पूर आला त्या दिवशी त्यांची आई घराबाहेर पडली तेव्हा तिच्या एका कडेवर स्वतःची मुलगी होती आणि दुसऱ्या कडेवर शेजारणीची. शेजारीण काहीतरी आणायला मागे वळली, ती परत आली नाही. मग हे कुटुंब दुसऱ्या गावी गेलं. तिथे आईने सगळ्यांना एकच सांगितलं, दोघी माझ्या. कोण पोटची आणि कोण शेजारणीची, हे तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. मावशी एकदा बोलून गेली म्हणून मुलींना एवढं तरी कळलं.

"मग थोरली कोण?" काकांनी विचारलं.

"एक दिवस ती, एक दिवस मी. आईने पाळ्याच लावून दिल्या होत्या. थोरलीने पाणी भरायचं, धाकटीने खेळायला जायचं. म्हणून आम्ही दोघी एकमेकींना ताईच म्हणतो."

माझं डोकं गरगरायला लागलं. पुराचं पाणी, कडेवरच्या दोन पोरी, दोन ताया. मी इतकी वर्षं अंदाज लिहिले, पण असा अंदाज माझ्या शिशातून कधी उतरला नव्हता.

काकांनी फोन लावून टेबलावर ठेवला. पलीकडे परदेशातली ताई होती, आवाज दमलेला.

"ताई, काका विचारतात, शेजारणीची कोण ते."

"त्यात काय विचारायचं? लिही, मी."

"गप गं. तू कशी? शेजारणीची मी आहे."

"वेड लागलंय का तुला? मला लहानपणापासून माहीत आहे. आई मला जरा जास्तच जपायची. परक्याच्या पोरीला जपतात ना, तसं."

"तुला? अगं, नवा फ्रॉक आधी मला घालून बघायची!"

"आधी मला!"

"मला, ताई!"

माझं टोक कागदावर टेकलेलं होतं, पण काकांचा हात हलत नव्हता. बाकावरची चार माणसं फोनकडे सरकली.

"म्हणून शाळा तू सोडलीस?" फोनमधून बारीक आवाज आला.

"आईच्या खऱ्या मुलीने शिकावं असं वाटलं मला," बाई म्हणाल्या. "आणि तू? सगळ्या चांगल्या स्थळांना नाही म्हणत आईच्या आजारपणात सात वर्षं तिच्या उशाशी बसलीस, ते?"

"मला वाटायचं, तुझ्या आईत मी वाटा मागितला. तो फेडायला नको?"

मित्रांनो, मग दोघी रडल्या. मोठ्याने, लाज सोडून रडल्या. साठीला आलेल्या दोन बायका एवढी वर्षं एकमेकींचे उपकार मनात धरून जगल्या होत्या आणि दोघींनी एकमेकींना ते कधी कळू दिलं नव्हतं. काकांनी चष्मा पुसला. परत पुसला. काच स्वच्छच होती.

"हे असंच लिहायचं," शेवटी बाई म्हणाल्या.

"असं कोणी लिहीत नाही हो," काका काकुळतीला आले. "परत फेटाळतील. मग दहा वर्षं..."

"फेटाळू देत. ताईला दगा दिला असं तरी होणार नाही. खोटं लिहून गेले तर तिच्या उशाशी बसून मी तिला काय सांगू? बाप दोनदा लग्नाला उभा केला म्हणून?"

मग काकांनी माझ्याकडून लिहून घेतलं, अगदी सावकाश. पासपोर्टवरच्या दोन्ही तारखा अंदाजाने दिलेल्या आहेत. खऱ्या तारखा कोणालाच माहीत नाहीत. आम्हा दोघींतली एक आईच्या पोटची आहे आणि एक तिने पुरातून उचलून आणलेली. कोण कुठली, हे आम्हाला माहीत नाही. एका घरात, एका आईजवळ दोघी वाढलो. 'अंदाजे' हा शब्द मी तीन वेळा लिहिला. मावशीच्या मुलाने साक्षीची सही दिली, जुन्या गावच्या शाळेतून दोघींची नावं एकाखाली एक असलेला उतारा आला, आणि परदेशातल्या ताईनेही तसंच पत्र स्वतःच्या सहीने पाठवलं. शाई चढली आणि खोडरबराने मला पुसलं. पण त्या दिवशी पुसून घेताना मला पहिल्यांदाच छान वाटलं.

अर्ज द्यायला गेलो तेव्हा मी काकांच्या खिशात होते. खिडकीपलीकडच्या बाईंनी पत्र वाचलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"माहीत नाही असं लिहून अर्ज देणारे फार थोडे," त्या म्हणाल्या.

"खरंच माहीत नाही हो," आमच्या बाई म्हणाल्या.

खिडकीतल्या बाईंनी पत्राच्या कोपऱ्यावर स्वतःच्या हाताने काहीतरी टिपण लिहिलं आणि कागद आत नेले. काय लिहिलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. सोळाव्या दिवशी व्हिसा आला. काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मला बाईंच्या हातात दिलं. "घेऊन जा. विमानातही फॉर्म देतात."

म्हणून मित्रांनो, मी आता परदेशात आहे. दवाखान्याच्या लांबलचक, पांढऱ्या, शांत बोळात, खुर्चीवरच्या पिशवीत. सकाळी इथेही एक फॉर्म आला. त्यावर विचारलं होतं, रुग्णाशी नातं. बाईंनी पिशवीत हात घातला. मी आपली सवयीने पुढे सरकले. त्यांनी मला बाजूला केलं, शाईचं पेन काढलं आणि लिहिलं, 'बहीण'. कोणाला विचारलं नाही, क्षणभर थांबल्या नाहीत. मग ताईला आत नेलं, आणि तेव्हापासून आम्ही दोघी इथे बसून आहोत. मला मधूनच डुलकी लागते. डुलकीत पूल असतो, पाणी असतं, आणि दोन्ही कडेवर पोरी घेऊन भराभर चालणारी एक बाई असते. तिचा चेहरा मला दिसत नाही.

माझं आता फारसं काही उरलेलं नाही, म्हणून जाता जाता एक मागते. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी आजच जाऊन बसा. ती जे सांगतील ते वहीत लिहून घ्या. त्यांना आठवलं नाही तर त्यांच्यावर वैतागू नका, आणि तुम्ही मनाने काही ठोकून देऊ नका. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहा. आणि माझ्यासारखी एखादी आखूड पेन्सिल घरात असेल तर तिला कचऱ्यात टाकू नका.

थांबा, दार उघडलं. आपली भाषा बोलणारी एक नर्स बाहेर आली आहे. तिचा मास्क हनुवटीवर आहे आणि ती हसते आहे.

"जाग आली त्यांना. छान आहेत. सारख्या ताई, ताई म्हणून हाका मारतायत. त्यांची थोरली बहीण कोण?"

"मी," बाई म्हणाल्या, आणि पिशवी खुर्चीवरच विसरून आत धावल्या.