चरात बसलेला सान रोके

पाऊस पडला की त्या लाल वाटेवर पालिकेचा माणूस आडवा बांबू टाकतो आणि माती वाळेपर्यंत कुणाची गाडी सोडत नाही. लग्नाचं वऱ्हाड असो की दुधाचे कॅन, बांबू म्हणजे बांबू. फक्त ऑगस्टात सान रोकेची गाडी आली तर तो उचलतो, कारण संताला अडवलं तर घरच्या कुत्र्याला वर्षभर खरूज होते अशी त्याची पक्की समजूत आहे. त्या सकाळीही त्याने बांबू उचलला, टोपी काढून छातीशी धरली आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा गाडी पुढच्या उतारावरून साबणावरून घसरावी तशी घसरून ओढ्याच्या अलीकडच्या चरात जाऊन बसली होती.

निमियाला हे सगळं मागाहून कळलं. आधी कळला तो नुसता आरडाओरडा. चुलीवर मांदिओकाचं एक भांडं चढवून ती दारात उरलेले कंद सोलत बसली होती. तिचे थोरले दीर अनास्तासिओ कुंपणापाशी येऊन ओरडायला लागले.

"निमिया, ट्रॅक्टर काढ! संत चरात पडला!"

"पडला? फुटला की काय?"

"संत नाही, गाडी पडली. संत गाडीत आहे. तुझी आई पण."

"अगं बाई, आई पडली?"

"आई बसलीय! गाडी पडलीय! तू आधी ट्रॅक्टर काढ, चौकशी रस्त्यात कर!"

निमियाने सुरी खाली ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली. ट्रॅक्टर नवऱ्याचा. एलादियो बांधकामावर काम करायला ब्वेनोस आयरेसला गेला, तेव्हा जाताजाता त्याने तिला गियर, क्लच आणि थोड्या धमक्या शिकवून ठेवल्या होत्या. अडकलेली गाडी ओढताना घाई करायची नाही, साखळीच्या आसपास चिटपाखरू ठेवायचं नाही, आणि ओढायच्या गाडीत चालकाशिवाय कुणी म्हणजे कुणी बसवायचं नाही. "तुटलेली साखळी नाती ओळखत नाही," असं तो म्हणायचा. एकदा सुटून गेलेला हूक गावच्या कुंपणाच्या खांबात घुसला होता. तो अजून तिथेच आहे. लोक त्याला दोरी बांधून कपडे वाळत घालतात, पण निमिया तिथून जाताना आजही थोडी वाकूनच जाते.

ओढ्यावर पोचली तर जत्रा. चराच्या एका अंगाला करांदाय गावची माणसं, दुसऱ्या अंगाला पोत्रेरोची, आणि मध्ये पिकअप, नाक चिखलात आणि शेपूट वर. मागच्या उघड्या हौद्यात, कातड्याच्या बैठकीच्या खुर्चीवर निमियाची आई ब्लासिदा ताठ बसलेली. मांडीवर लाकडी सान रोके, एका हाताने झगा वर करून मांडीवरची जखम दाखवणारा, पायाशी त्याचा कुत्रा. आईने काळी ओढणी घेतली होती आणि आपल्याला काही झालंच नाही असा चेहरा केला होता. हौदा एका बाजूला इतका कलला होता की खुर्ची अजून जागेवर कशी, हेच निमियाला कळेना.

करांदाय तिचं माहेर, पोत्रेरो सासर. संत एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. त्याला न्यायचा-आणायचा मान आईकडे. संताला मांडीवर घेऊन बसायचं, दुसऱ्या गावच्या देवळापाशी आपल्या पायांनी उतरायचं आणि त्याला उंबऱ्याआत ठेवायचं. वाटेत तो जमिनीला टेकला तर तिथेच देऊळ बांधावं लागतं. अशी दोन देवळं वाटेत आधीच आहेत आणि सणाआधी त्यांना चुना लावताना दोन्ही गावं एकमेकांच्या पूर्वजांचा उद्धार करतात. आणि अर्ध्या वाटेवरून संत माघारी फिरला, तर त्याचं मन बदललं असं धरतात. मग तो वर्षभर जुन्या गावीच राहतो.

निमियाने ट्रॅक्टर उभा केला आणि उतरून गाडीभोवती एक फेरी मारली. पुढे नुसता लगदा होता. मागे मात्र गाडी जिथून घसरली त्या चाकोऱ्या स्वच्छ, घट्ट पडलेल्या. आल्या वाटेने मागे ओढली तर गाडी सुखरूप निघणार. मागे म्हणजे करांदायकडे.

"मागून ओढावी लागेल," ती म्हणाली.

झालं. पोत्रेरोकडून असा गलका उठला की ओढ्यातली बदकं उडाली.

"बघा, बघा! माहेरचं पाणी बोललं!"

"अहो, चाकोऱ्या बघा ना तुम्ही!"

"चाकोऱ्या कसल्या बघायच्या? संत परत गेला की हे वर्षही त्यांचंच. एलादियोने ट्रॅक्टर करांदायसाठी घेतलाय का?"

करांदायची माणसं खूश. गाडीचा चालक विल्फ्रिदो चिखलात गुडघाभर उभा राहून हसत होता. "मी काय म्हणतो, संताला जायचंच नव्हतं. मी ब्रेक मारला होता. कसला थांबतोय! त्यानेच चाक वळवलं."

"संताला लायसन्स आहे का तुझ्यासारखं?" पोत्रेरोच्या बाजूने कुणीतरी विचारलं.

"माझ्याकडे तरी कुठं आहे?" विल्फ्रिदो म्हणाला, आणि दोन्ही गावं एकदम हसली. पण हसू ओसरल्यावर पुन्हा तोच घोळ सुरू.

एवढ्यात निमियाने वळून पाहिलं तर अनास्तासिओंनी साखळीचं एक टोक गाडीच्या पुढच्या बंपरला अडकवलं होतं आणि दुसरं ट्रॅक्टरच्या मागे, वरच्या दांडीला लावत होते.

"भाऊजी, काय करताय?"

"वरून ओढ लागली की नाक उचललं जाईल. साधी गोष्ट आहे."

"नाक माझ्या ट्रॅक्टरचं उचललं जाईल. घोड्यासारखा दोन पायांवर उभा राहील आणि उताणा माझ्या अंगावर पडेल. आणि तो बंपर तेवढा तुमच्या हातात येईल."

"एलादियो तर असंच लावायचा."

"नाही लावायचा."

"लावायचा."

निमियाने साखळीकडे पाहिलं. खरंच लावायचा का? इतक्या लोकांनी इतक्या ठामपणे इतकं काही सांगितलं की आपल्याच डोक्यातला एलादियो धूसर व्हायला लागतो. मग तिला खांबातला हूक आठवला. तिने साखळी वरून सोडवून हातात गुंडाळली. "खालच्या पट्टीलाच लागेल. आणि आधी आई खाली उतरेल. ती गाडीत असेपर्यंत मी ट्रॅक्टर चालूसुद्धा करत नाही."

यावर मात्र दोन्ही गावांचं एकमत होतं. आईने उतरावं. सगळे हौद्याकडे बघायला लागले. आई समोरच्या झाडाकडे बघत होती.

"आई, उतर गं. संताला घट्ट धर, मी हात देते."

"मी नाही उतरत. मान माझा आहे. मी देवळापाशी उतरेन."

"साखळी तुटली तर?"

"तुटू दे."

"आई, तू वर आणि मी ट्रॅक्टरवर, असं मी ओढणार नाही. इथेच बसून राहू दोघी. मांदिओका करपेल."

"चुलीवर ठेवून आलीस? तुला कधी अक्कल येणार?"

निमिया चिडून मागच्या फळीवर पाय ठेवून वर चढली. तिच्या वजनाने गाडी कुरकुरली. आईने तिच्या दंडावर नखं रुतवली आणि ओठ न हलवता म्हणाली, "ओरडू नकोस. मला उतरता येत नाही."

"म्हणजे?"

"उजवा गुडघा वळत नाही. ईस्टरपासून. सकाळी अंधारात विल्फ्रिदोने उचलून ठेवलं मला इथं. हा लाकडी बाबा बघ, खुशाल झगा वर करून सगळ्यांना पाय दाखवतोय. मी दाखवला की पुढच्या वर्षी तुझी जाऊ बसेल या खुर्चीवर. अनास्तासिओच्या डोळ्यांत बघ जरा."

निमियाने पाहिलं. डोळ्यांत तिला काही दिसलं नाही, पण आईला नेहमीच जास्त दिसतं.

"मग देवळापाशी कशी उतरणार होतीस?"

"तेव्हाचं तेव्हा."

निमियाला आधी राग आला, मग हसू, मग असं काहीतरी आलं ज्याला नाव नव्हतं. ईस्टरपासून आपण किती वेळा माहेरी गेलो? आई प्रत्येक वेळी बसलेलीच होती. आपण म्हणालो, बरं झालं, म्हातारपणी तरी बसायला शिकली. आता ही खाली उतरायला गेली तर पडणार. पडली तर संत चिखलात जाणार. मग इथे तिसरं देऊळ, वर्षानुवर्षं चुना, आणि प्रत्येक वर्षी ब्लासिदाच्या गुडघ्याची गोष्ट. नाही उतरली तर साखळी. खाली दोन्ही गावं माना वर करून उभी. काय बोलावं हे ठरवायच्या आधीच तिचं तोंड उघडलं.

"ऐका! गाडी चरात गेली की मान असणाऱ्या बाईचे पाय चिखलाला लावायचे नसतात. खुर्चीसकट उचलून न्यायचं असतं. दोन माणसं इकडची, दोन तिकडची."

दोन्ही गावं एकमेकांकडे बघायला लागली.

"हे कुणी सांगितलं?" अनास्तासिओ म्हणाले. "आम्ही नाही कधी ऐकलं."

"गाडी तरी याआधी कधी चरात गेली होती?" निमिया म्हणाली. "आईला विचारा."

आईने मान हळूच वळवली. "माझ्या आजीच्या वेळी बैलगाडी गेली होती," ती संथपणे म्हणाली. "तेव्हा असंच नेलं. तुम्हा लोकांना काहीच कसं माहीत नसतं? तुझ्या आजोबांनीच मागची उजवी बाजू धरली होती, अनास्तासिओ."

अनास्तासिओंनी चटकन टोपी काढली आणि मागची उजवी बाजू धरली.

निमिया बघतच राहिली. आईने ही थाप इतक्या सहज मारली की ती थापच होती का, अशी तिला शंका आली. असेलही बैलगाडी गेलेली. आजोबाही असतील. मग आपण जे मनाने जुळवून सांगितलं ते खरं कसं निघालं?

चौघांनी खुर्ची उचलली. आईचा पाय ताठ पुढे आला, तो तिने ओढणीने झाकला. निमिया बाजूने चालत, एक हात आईच्या पाठीशी, एक संताच्या कुत्र्याखाली. अशी वरात चरातून वर आली. काठावर चौघं थांबले.

"ठेवायची कुठं?" विल्फ्रिदोने विचारलं.

"ठेवायची नाहीच! टेकली तर देऊळ!"

"मग काय धरून उभं राहायचं? जड आहे."

"तिघं आहेत ना वर," आई म्हणाली. "मी, बाबा आणि कुत्रा. चला पुढं. थांबलं की जास्त जड होतं."

आणि ते चालायला लागले. पुढे म्हणजे ओढ्यावरच्या फळ्यांच्या पुलावरून पोत्रेरोकडे, कारण तोंडं तिकडे होती आणि मागे वळायला त्या चिखलात जागा नव्हती. फळ्यांच्या मध्यावर पोचल्यावर विल्फ्रिदोच्या लक्षात आलं की करांदायचे दोघं जण आपल्याच हातांनी संताला पोत्रेरोला पोचवत आहेत. तो थबकला, मागे बघायला गेला, खुर्ची डुगडुगली. "पाय बघ आधी!" आईने त्याच्या डोक्यावर टपली मारली. तो निमूट चालू लागला. मागून दोन्ही गावं निघाली. कोण जिंकलं हे कुणालाच नीट ठरवता येत नव्हतं, त्यामुळे गाणं मात्र दोघांनीही धरलं.

मागे राहिली निमिया आणि बांबूवाला. तो कुठल्याच गावचा नव्हता, म्हणून तिने त्यालाच खूण करायला उभं केलं, लांब, साखळीच्या दुप्पट अंतरावर. ट्रॅक्टर वरच्या कुरणातून वळसा घालून मागे आणला. पिकअपच्या चाकांपुढचा आणि मागचा चिखल फावड्याने उकरला, हूक बंपरला नव्हे तर खालच्या चासीला अडकवला, साखळीचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या खालच्या पट्टीला. साखळीच्या मध्यावर एलादियोचा घोंगडीसारखा जाड, जुना पोंचो टाकला, तुटलीच तर उडू नये म्हणून. हँडब्रेक सोडला. चालक फळ्यांपलीकडे संत उचलून गेला होता, पण चाकोऱ्याच गाडीला सांभाळणार होत्या. पहिला गियर. क्लच इतका हळू सोडला की साखळी जमिनीवरून उठताना एकेक कडी मोजता आली असती. साखळी ताणली. गाडीने चिखलातून एक लांब, ओला उसासा सोडला आणि शहाण्या म्हशीसारखी आपल्याच पावलांवर मागे येऊन रस्त्यावर उभी राहिली.

बांबूवाल्याने टाळ्या वाजवल्या. "आता हिला कुठं नेऊ देऊ? परवानगी संताची होती. संत तर गेला."

"मला काय माहीत?" निमिया म्हणाली. खरंच माहीत नव्हतं.

विल्फ्रिदो खुर्चीची आपली बाजू दुसऱ्याच्या हाती देऊन हाश्शहुश्श करत परत आला तेव्हा ती पोंचो झटकत होती. त्याने केबिनचं दार उघडलं आणि एकेक वस्तू बाहेर काढून ट्रॅक्टरच्या चाकाशी ठेवायला लागला. हातमागाची झोपायची झोळी, गुंडाळलेली. लोखंडी काळी कढई. कपड्यांचं गाठोडं. शेवटी पाय बांधलेली एक कोंबडी, जी रागाने त्याच्याकडे बघत होती.

"हे काय?"

"तुझ्या आईचं सामान. सकाळी चढवलं. म्हणाली, देवळात संताला ठेवलं की हे निमियाकडे उतरव."

"किती दिवसांसाठी?"

"कढई घेऊन माणूस किती दिवसांसाठी जातं?" विल्फ्रिदो म्हणाला, आणि मग तिचा चेहरा बघून, "तुला सांगितलं नव्हतं का? मला वाटलं तुझंच बोलावणं आहे. तीच तसं म्हणाली."

निमिया कोंबडीकडे बघत राहिली. पलीकडून गाण्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजावर चढून आईचा, खुर्ची नीट धरा म्हणून. देवळापाशी ती कशी उतरणार होती, हा प्रश्न मघाशी आईने टाळला होता. आता निमियाला वाटलं, आईने तो टाळला नव्हता, उत्तर आधीच ठरवून ठेवलं होतं. पण मग गाडी चरात? छे. चिखल काय आईचं ऐकतो? विल्फ्रिदोकडे बघावं तर तो बुटांचा चिखल काडीने काढण्यात फारच गुंतलेला.

"विल्फ्रिदो, खरं सांग. ब्रेक मारला होतास ना?"

"मारला होता," तो म्हणाला. मग दुसऱ्या बुटाकडे वळून, "मला वाटतं, मारला होता."

तिने गाठोडं आणि झोळी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बांधली, कढई पायांशी ठेवली, कोंबडी काखेत घेतली आणि एका हाताने स्टिअरिंग वळवलं. देवळाच्या उंबऱ्यापाशी आई खुर्चीवरून संताला आत कशी ठेवते हे बघायला तिला वेळेवर पोचायचं होतं, आणि नाही जमलं तर तिथलीही एखादी रीत सांगायची होती. ती कोणती, हे अजून सुचत नव्हतं.